वरीलप्रमाणे

मला राग लवकर येतो हे माहेरी, सासरी आणि ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे. लग्न ठरलं तेव्हा आईने नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, ‘पोरगी चांगली आहे, फक्त तिला कारण देऊ नका.’ तो बिचारा अजून ते पाळतो. कारण देणारे बाहेरचेच भेटतात. पण मागच्या वर्षी मुलीच्या दाखल्यावरून जो राग आला तो अजून उतरलेला नाही, आणि तो उतरू नये अशीच माझी इच्छा आहे, म्हणून लिहून ठेवते आहे.

आधी थोडं माझ्या कामाचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी बिबवेवाडीत राहते आणि स्पेअर पार्टच्या एका कंपनीत एक्सेलवर काम करते. दिवसभर शीटच शीट. शाखांकडून जी शीट येते तिच्यात शाखेचं नाव पहिल्या ओळीत एकदाच लिहिलेलं असतं आणि त्याखाली सगळं रिकामं. लिहिणाऱ्याच्या मनात असतं, ‘वरीलप्रमाणे’. ही आपली सगळ्यांची जुनी सवय. वहीत लिहिताना आपण वरच्या शब्दाखाली दोन छोट्या रेघा मारायचो. कॉम्प्युटर आल्यावर त्या रेघा मारायचेही कष्ट गेले. माणसाला ते कळतं. कॉम्प्युटरला रिकामं म्हणजे रिकामं. मग त्याच्यासाठी मॅक्रो लिहायचा, म्हणजे एक काम त्याला शिकवून ठेवायचं: रिकामा सेल दिसला की वरच्या सेलमधलं खाली ओढ. बटण दाबलं की अख्खी शीट भरते. फार सोयीचं आहे. मी रोज वापरते.

पण मी तो सगळ्या शीटवर चालवत नाही, ठरावीक कॉलमवरच चालवते, आणि मॅक्रोने भरलेल्या प्रत्येक सेलला पिवळा रंग देते. कारण रिकामं दोन प्रकारचं असतं. एक ‘वरीलप्रमाणे’ आणि दुसरं ‘माहीत नाही, विचारून भरतो’. दोन्ही दिसायला सारखीच. शिवाय मॅक्रो एकदा चालला की अनडू चालत नाही. हे सगळं मला चुका करून नाही, शिव्या खाऊन कळलेलं आहे, त्यामुळे पक्कं आहे.

तर मुलगी दहावी झाली. मार्क छान पडले आणि सायन्सला तिला हवं ते कॉलेज पहिल्याच यादीत लागलं. आठवीत असताना एका विज्ञान प्रदर्शनासाठी ती तिथे गेली होती आणि तिथली प्रयोगशाळा पाहून आली ती डोक्यात घेऊनच. तेव्हापासून घरात दुसऱ्या कॉलेजचं नाव काढायची सोय नव्हती. आता शुक्रवारपर्यंत कागद दाखवून प्रवेश पक्का करायचा, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्याला. आम्ही राखीव जागेतून होतो, जातीचा दाखला सातवीतच काढून ठेवलेला होता. राहिला होता तो शाळा सोडल्याचा दाखला. तो मंगळवारी शाळेतून आणला. मी नाव पाहिलं, जन्मतारीख पाहिली आणि फाइलमध्ये ठेवला. धर्म कोण तपासतं हो? तो आपल्याला माहीत असतो.

बुधवारी सकाळी कॉलेजात गेलो. खिडकीपलीकडच्या बाईंनी दोन्ही दाखले शेजारी शेजारी ठेवले, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, ‘मॅडम, जातीच्या दाखल्यावर बौद्ध आहे. शाळेच्या दाखल्यावर हिंदू आहे, आणि जात भलतीच आहे. यातलं खरं कोणतं?’

आवाज खणखणीत. मागे रांग. मागून कोणीतरी हसलं, किंवा खोकलं असेल. मी वळून पाहिलं तेव्हा सगळे आपापल्या फायली चाळत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपल्याकडे राखीव जागेसाठी कागद पुढे करणाऱ्या माणसाकडे लोक आधीच कसे बघतात ते मला माहीत आहे. त्यात एक कागद एक सांगणार आणि दुसरा दुसरंच. म्हणजे आम्ही खोटे. बाई म्हणाल्या, ‘शुक्रवारी दुपारपर्यंत शाळेकडून दुरुस्त करून आणा. माझ्या हातात यापेक्षा जास्त नाही.’ त्यांचं चूक नव्हतं. मला ओरडायला कोणी सापडेना, म्हणून मी त्यांना ‘थँक्यू’ म्हणाले.

बाहेर कट्ट्यावर बसून मी दाखला पहिल्या ओळीपासून वाचला. धर्म हिंदू. जात, ती मी इथे लिहीत नाही, ज्यांची आहे त्यांचा यात काय दोष. आणि जन्मस्थळ, भोर. भोर! ही कार्टी बिबवेवाडीतल्या दवाखान्यात झाली. भोरला आम्ही एकदा लग्नाला गेलो आहोत, तेही जेवून परत आलो.

मुलगी माझ्या खांद्यावरून बघत होती. ती म्हणाली, ‘भोरची तर ती आहे. माझ्या आधीची.’

‘कुणाच्या आधीची?’

‘हजेरीत गं. दहा वर्षं, आधी तिचं नाव आणि मग माझं. ती हजर म्हणाली की मी तोंड उघडून तयार असायचे.’

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हे काम माझं रोजचं आहे. मुलीच्या ओळीतले रकाने रिकामे होते, आणि कोणीतरी बटण दाबलं होतं. वरच्या मुलीचा धर्म, वरच्या मुलीची जात आणि वरच्या मुलीचं भोर, सगळं एका ओळीने खाली आलं होतं.

हा रकाना आमच्या घरात साधासुधा नाही. माझे सासरे, त्यांना मी बाबाच म्हणते, नागपूरचे. नोकरीसाठी पुण्यात आले आणि खडकीला कारखान्यात आयुष्य काढलं. छप्पन साली त्यांच्या घरच्यांनी दीक्षा घेतली तेव्हा ते सहा-सात वर्षांचे होते, वडिलांच्या खांद्यावर. त्यांना आठवतं ते एवढंच की सगळीकडे पांढरे कपडे होते आणि आपण वडिलांचे केस घट्ट धरून बसलो होतो. नंतर त्यांचे वडील शाळेत गेले आणि मास्तरांना म्हणाले, पोराच्या नावापुढची जुनी जात काढा, बौद्ध लिहा. मास्तर म्हणाले, ‘पोराला शिकव की रे, रकान्याचं काय घेऊन बसलास?’ बाबांचे वडील गिरणीत कामाला होते. रात्रपाळी संपली की घरी न जाता शाळेत यायचे आणि वर्गाच्या दाराशी उभे राहायचे. भांडण नाही, आवाज नाही. नुसते उभे. शेवटी मास्तरांनी कंटाळून लिहिलं. ही गोष्ट आमच्याकडे इतक्यांदा सांगून झाली आहे की बाबा सुरू करतात आणि नात शेवट सांगून मोकळी होते. तर तो हा रकाना. पणजोबांनी पायांचे तुकडे पडेपर्यंत उभं राहून भरून घेतलेला. शाळेने तो एका बटणाने परत फिरवला होता.

मुलीला घरी सोडलं आणि मी तशीच शाळेत गेले. ऑफिसात क्लार्क होते. वय पन्नाशीच्या पुढे, केसांना कलप, टेबलावर नवा कॉम्प्युटर. मी दाखला पुढे केला आणि शक्य तितक्या हळू आवाजात विचारलं, ‘हे कसं झालं?’

त्यांनी दाखला पाहिला आणि माझ्याकडे पाहून हसले. ‘अहो मॅडम, ते आम्ही भरलं नाही. मॅक्रोने भरलंय.’

‘मॅक्रो काय आपोआप उठून आला होता का?’

‘नाही, चालवला मीच,’ ते म्हणाले, आणि खरं सांगते, त्यांच्या आवाजात अभिमान होता. व्हिडिओ बघून शिकले होते. सगळ्या दहावीचे दाखले एका दुपारी छापले म्हणून मुख्याध्यापिकांनी त्यांचं कौतुकही केलं होतं. ‘रिकामे सेल फार होते हो. एकेक कुठे भरत बसणार.’

‘माझ्या मुलीचे का रिकामे होते?’

ते म्हणाले, ‘तुमचं ते बौद्ध धर्मात लिहायचं, का जातीत नवबौद्ध लिहायचं, ते मला नक्की होईना. म्हटलं विचारून भरू. म्हणून ती ओळच पुढे सोडून दिली. मग विचारायचं राहिलं.’

‘कुणाला विचारायचं राहिलं?’

‘म्हणजे, असंच. कुणालातरी.’

त्यांच्या पाठीमागच्या कपाटात प्रवेशाचं मोठं रजिस्टर होतं. मी ते काढायला लावलं. माझ्या मुलीच्या नावापुढे निळ्या शाईत, सुंदर अक्षरात लिहिलेलं होतं: धर्म बौद्ध, जन्मस्थळ पुणे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय म्हणायचं. उठून कपाट उघडायचं सोडून हा माणूस ‘कुणालातरी’ विचारणार होता.

मी त्यांच्या खुर्चीशेजारी उभी राहून शीट उघडायला लावली. रंगबिंग काही नाही. खरं कोणतं आणि ओढलेलं कोणतं, काही कळायची सोय नाही. ते म्हणाले, ‘काळजी करू नका. भरायच्या आधीची कॉपी पेनड्राइव्हवर आहे. तिच्यात तुमच्या मुलीचं बौद्ध टाकतो आणि मॅक्रो परत चालवतो. दोन मिनिटांचं काम.’

त्यांनी ती कॉपी उघडली. मी ती पाहून म्हटलं, ‘असं करू नका. हिच्या खालची मुलगी बघा. तिच्या ओळीत तुम्ही रिकामं ठेवलंय, कारण तिचं आधीच्या भोरच्या मुलीसारखं आहे. आता मधे बौद्ध आलं की मॅक्रो तिच्या ओळीत बौद्ध भरेल. तेवढा एक सेल हाताने दुरुस्त करा आणि मॅक्रोला हात लावू नका.’

‘मॅडम,’ ते म्हणाले, ‘आम्हाला आमचं काम कळतं.’

बरं. मी सांगायचं काम केलं.

पण दुरुस्ती लगेच होणार नव्हती. दाखला एकदा हातात दिला की तो बदलायला पालकांचा अर्ज लागतो, असं म्हणून त्यांनी मला मुख्याध्यापिकांकडे पाठवलं. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. बाईंनी मला बसवलं, पाणी दिलं आणि छापील नमुना पुढे केला. मी वाचला. ‘माझ्याकडून नजरचुकीने पाल्याच्या धर्माची व जातीची माहिती चुकीची देण्यात आली होती, तरी कृपया दुरुस्ती करून मिळावी.’ खाली सहीची जागा.

‘माझ्याकडून?’ मी विचारलं.

‘अहो, तो नमुना आहे. सगळे तोच भरतात.’

‘पण चूक तर शाळेची आहे. रजिस्टरमध्ये नीट लिहिलंय. तुमचे क्लार्क आत्ता स्वतः म्हणाले.’

बाई खूप समजुतीने बोलल्या, आणि मला त्या समजुतीचाच जास्त राग आला. त्या म्हणाल्या, शाळेची चूक असं लेखी गेलं की वरच्या कार्यालयाला खुलासा द्यावा लागतो, चौकशी लागते, त्यात दिवस जातात. पालकांची चूक असली की मी इथल्या इथे सही करून उद्या नवा दाखला देते. ‘तुम्ही मुलीचं बघा. शुक्रवार काही लांब नाही.’ वर म्हणाल्या, ‘आणि तसं पाहिलं तर त्यात एवढं काय आहे? हिंदूच लागलंय ना? काही वाईट तर नाही ना लागलं.’

मी म्हटलं, ‘वाईट काहीच नाही बाई. उद्या तुमच्या नावापुढे शेजारच्या गृहस्थांचं नाव लागलं, तर तेही माणूस म्हणून चांगलेच असतील.’

बाईंचा चेहरा लाल झाला. मी पेन काढून ‘माझ्याकडून’वर काट मारली, वर ‘शाळेकडून’ लिहिलं आणि सही करून कागद त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी बोटाने तो परत सरकवला. ‘खाडाखोड चालत नाही.’ आणि तसलाच एक कोरा कागद वर ठेवला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा. बोंबही नाही, छापील नमुना. मी कोरा कागद घेतला आणि घरी आले.

घरी मी भांडी घासताना बोलत होते, भाकरी थापताना बोलत होते, जेवतानाही बोलत होते. नवरा ऐकत होता. तो सरकारी नोकरीत आहे आणि त्याला कागदांची भीती नाही, पण भांडणाची आहे. तो म्हणाला, ‘सही करून टाकू. जागा महत्त्वाची. त्या अर्जात कोण चुकलं ते कोण वाचतंय?’

‘मी वाचते.’

‘तुझ्याशिवाय कोण वाचतंय?’

मी बाबांकडे पाहिलं. मला वाटलं, आता हे तरी बोलतील. ज्यांच्या वडिलांनी दारात उभं राहून तो शब्द लिहून घेतला, ते नक्की म्हणतील, सही करू नको. बाबांनी ताट बाजूला केलं आणि म्हणाले, ‘सही करा. माह्या बापाले रकाना पाहिजे होता. मले पोरगी त्या कॉलेजात पाहिजे.’

मला त्यांचाही राग आला. इतका की मी त्यांना ताक वाढलं नाही.

मुलगी एवढंच म्हणाली, ‘मम्मी, जागा गेली तर मी दुसऱ्या कॉलेजात जाईन. पण मग तू दोन वर्षं रोज हेच बोलत राहशील ना?’ ती हसत होती. पण ताटात तिने सगळं तसंच टाकलं होतं, आणि मी ते पाहिलं.

अर्ज मी फ्रिजवर चुंबकाखाली लावून ठेवला. ठरवलं होतं की गुरुवारी परत जाईन, बाईंच्या समोर बसेन, शिक्षण कार्यालयात जाईन, जिथे जावं लागेल तिथे जाईन. सकाळी मी अंघोळ करून बाहेर आले तर फ्रिजवर नुसता चुंबक. नवरा सही करून शाळेत देऊन आला होता. वडिलांची सही चालते, आईचीच हवी असं काही नाही.

त्याला मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो खालच्या मानेने ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, ‘तू लढली असतीस हे मला माहीत आहे. पण हरलो असतो तर जागा तिची गेली असती, तुझी नाही.’ मला आणखी राग आला. त्यानंतर मी त्याच्याशी फक्त भाजीचं आणि गॅसचं बोलत होते.

गुरुवारी संध्याकाळी नवा दाखला मिळाला. धर्म बौद्ध. जन्मस्थळ पुणे. शुक्रवारी खिडकीतल्या त्या बाईंनी शिक्का मारला आणि मुलीचा प्रवेश झाला. मुलगी कॉलेजच्या पायऱ्यांवर माझ्या गळ्यात पडली. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण शाळेच्या फायलीत कुठेतरी आमचा अर्ज होता, आणि त्यात लिहिलं होतं की या घराने आपल्या मुलीचा धर्म चुकीचा सांगितला. नवऱ्याच्या सहीने.

मग पुढच्या आठवड्यात वर्गाच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो आला. हजेरीत माझ्या मुलीनंतर जी मुलगी होती, तिच्या वडिलांनी टाकला होता. ती कॉमर्सला दुसऱ्या फेरीची वाट पाहत होती, म्हणून तिने दाखला उशिरा नेला होता, क्लार्कनी मॅक्रो परत चालवून उरलेले दाखले नव्याने छापल्यानंतर. तिच्या दाखल्यावर धर्म बौद्ध छापला होता.

मी ऑफिसात होते. मी मोबाइल टेबलावर पालथा ठेवला आणि परत उचलला. सांगितलं होतं मी. शब्द न् शब्द सांगितलं होतं. क्लार्कसाहेबांना त्यांचं काम कळत होतं ना.

पण फोटो दाखल्याचा नव्हता. फोटो पत्राचा होता. शाळेचं लेटरहेड, शिक्का, मोठ्या बाईंची सही. ‘शाळेच्या नजरचुकीने आपल्या पाल्याच्या दाखल्यावर धर्म व जात चुकीची छापली गेली. आपणास झालेल्या मनस्तापाबद्दल शाळा दिलगीर आहे.’ वडिलांनी खाली लिहिलं होतं, ‘मुलीच्या दाखल्यावर धर्म बौद्ध आला होता. सकाळी शाळेत जाऊन विचारलं, तासाभरात पत्र आणि नवा दाखला दोन्ही मिळालं. शाळेचे आभार.’ त्याखाली बऱ्याच जणांचे हात जोडलेले.

त्या गृहस्थांवर माझा राग नाही. आपला दाखला चुकला तर कोणीही जाणारच, मीही गेलेच होते. पण तीच शीट, तोच मॅक्रो, तोच क्लार्क आणि त्याच बाई. त्यांना नमुना अर्ज दिला नाही. त्यांना कोणी म्हणालं नाही की शाळेची चूक लिहिली की चौकशी लागते. आणि त्यांना कोणी असंही म्हणालं नाही की त्यात एवढं काय आहे, बौद्धच लागलंय ना, काही वाईट तर नाही ना लागलं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण मी शाळेतच शिकले होते. शाळेकडूनच ती परत शिकायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

मी त्या फोटोची प्रिंट काढली आणि घरी येऊन नवऱ्यासमोर ठेवली. त्याने वाचली. परत वाचली. त्याच्या कपाळावरची शीर मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहिली. तो म्हणाला, ‘उद्या मी रजा टाकतो.’

‘मीपण येतो,’ आतून बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाबांनी पांढरा शर्ट घातला, स्वतः इस्त्री केलेला. मोठ्या बाई आम्हाला तिघांना पाहून दचकल्या, पण लगेच हसल्या. ‘अहो, तुमचं तर काम झालं ना? अ‍ॅडमिशनही झाली म्हणे.’

‘आमचं झालं,’ मी म्हटलं. ‘तुमचं राहिलंय.’ आणि प्रिंट टेबलावर ठेवली. ‘आम्हाला हेच पत्र हवंय. आणि आमचा तो अर्ज परत हवाय. नवीन काही लिहायचे कष्ट घेऊ नका. नाव बदला. बाकी सगळं वरीलप्रमाणे.’

बाईंनी बऱ्याच गोष्टी सांगून पाहिल्या. ती केस वेगळी होती. तो विषय आता बंद झाला. फायलीतला अर्ज काढता येत नाही. नवरा पहिल्यांदाच मोठ्या आवाजात बोलला, ‘वेगळी कशी होती तेवढं एकदा सांगा. मी लिहून घेतो.’ आणि त्याने खिशातून पेन काढलं.

बाबा मात्र भिंतीशेजारच्या खुर्चीवर जाऊन बसले, हात मांडीवर ठेवले आणि दाराकडे बघत राहिले. बाई त्यांना म्हणाल्या, ‘आजोबा, तुम्ही कशाला उन्हातान्हात त्रास घेतलात?’

‘त्रास नाही,’ बाबा म्हणाले. ‘घरात सवय आहे. आम्ही थांबतो.’

आणि आम्ही थांबलो. मधली सुट्टी झाली, पोरं ओरडत मैदानात गेली आणि परत वर्गात आली. शिक्षिका सह्या करायला यायच्या, खुर्चीवरच्या बाबांकडे बघायच्या आणि जायच्या. बाईंनी दोनदा फोन लावला, दोनदा ठेवला. शेवटी बेल वाजवून क्लार्कना बोलावलं आणि आमच्याकडे न बघता म्हणाल्या, ‘यांना ते पत्र द्या.’

क्लार्क पत्र छापून घेऊन आले. मी वाचलं. त्यात लिहिलं होतं की शाळेच्या नजरचुकीने आमच्या मुलीच्या दाखल्यावर धर्म ‘बौद्ध’ असा छापला गेला, त्याबद्दल शाळा दिलगीर आहे. ग्रुपवर आलेल्या पत्रात धर्माचं नाव नव्हतं. या वेळी त्यांना वाटलं असेल की नीट खुलासेवार लिहू. बहुधा त्यांना खरंच कळलं नव्हतं की आमच्या दाखल्यावरची चूक कोणती होती आणि बरोबर कोणतं.

मी ओरडले नाही. ओरडायची ताकदच गेली होती. मी म्हटलं, ‘चला, मी सांगते तसं टाइप करा,’ आणि त्यांच्या खुर्चीशेजारी उभी राहून एकेक शब्द सांगितला. त्यांनी निमूटपणे टाइप केला. या वेळी त्यांनी मला त्यांचं काम कळतं असं सांगितलं नाही. बाईंनी सही केली, शिक्का मारला, आणि फायलीतून आमचा अर्ज काढून दिला. नवऱ्याने तो तिथेच फाडला आणि तुकडे खिशात घातले. शाळेच्या टोपलीत त्याला टाकायचे नव्हते.

घरी आल्यावर बाबांनी चष्मा लावला आणि पत्र वाचलं, अगदी लेटरहेडपासून. मग मुलीला बोलावून तिच्याकडून मोठ्याने वाचून घेतलं. ‘शाळा दिलगीर आहे’ या वाक्याशी त्यांनी तिला थांबवलं आणि तेवढं परत वाचायला लावलं. मी त्या दिवशी त्यांना ताक वाढलं, दोन वाट्या.

ताक पिऊन झाल्यावर ते म्हणाले, ‘मास्तरानं लिहिलं होतं. पण माह्या बापाले असं कोणी म्हटलं नव्हतं.’

मग पत्राची नीट घडी घातली, माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, ‘उद्या लॅमिनेट करून आण. पोरीजवळ देऊ नको, हरवते. माह्यापाशी राहू दे.’